चौथा नंबर आला म्हणता, मग माझं सोयाबीन 4100 ला का गेलं?

उदगीरकर
काल एका दादानं लिहिलं, "जपानला मागं टाकून आपली अर्थव्यवस्था जगात चौथ्या नंबरवर आली, रडणाऱ्यांनी आता तरी गप बसावं." पेरणीची गडबड आहे तरी उत्तर द्यायलोय, कारण ते रडणारे म्हणजे आम्हीच. नीती आयोगाचे सीईओ 2025 च्या मे महिन्यात बोलले ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या त्या वर्षीच्या अंदाजावरून, भारत 4.187 आणि जपान 4.186 ट्रिलियन डॉलर. वर्ष संपलंही नव्हतं आणि गुलाल उधळून झाला. बरं आला नंबर धरू, पण आपल्या घरात जवळपास बारा माणसं मिळून जेवढं आणतात तेवढं जपानच्या घरात एकटा आणतो, हे का कुणी लिहीत नाही?

2024 च्या नोव्हेंबरात मी बारा कट्टे सोयाबीन आडतीवर नेलं. मुनीमानं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, ओलावा 14 टक्के दाखवला. आदल्या संध्याकाळी गावातल्या मशीनवर तेच 12 होतं. भाव क्विंटलला 4100, त्यातून ओलाव्याचे कापले, माती-काडीचे कापले, हमाली, तोलाई. तेव्हा हमीभाव होता 4892. पट्टी म्हणजे आडतीची हिशेबाची पावती खिशात घालून बसस्टँडवर आलो, पोरीला बूट घ्यायचे ठरलेले ते पुढच्या महिन्यावर ढकलले. ही माझी अर्थव्यवस्था.

चिंचवडकर
ते लिहिणारा मीच आणि एक शब्द मागं घेणार नाही. माझी आई 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, कामावर सुकडी म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ मिळायचा तो पदरात बांधून धाकट्या भावंडांना आणायची. तीच आई आज गॅसवर चहा ठेवते आणि नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. जागतिक बँकेचा जून 2025 चा आकडा बघा, दिवसाला 3 डॉलरच्या खाली जगणारे 2011-12 ला 27.1 टक्के होते, 2022-23 ला 5.3. खेड्यात 1999-2000 मध्ये शंभरातले 59 रुपये खाण्यावर जायचे, 2023-24 ला 47. सोयाबीनचा हमीभाव 2014 ला 2560 होता, 2025 ला 5328. आडत खराब असेल तर आडतीशी भांडा, देशाला शिव्या कशाला?

उदगीरकर
देशाला शिव्या दिल्या ते वाक्य दाखवा. हमीभाव वाढला, मान्य. मिळाला का ते विचारा ना. खरेदी केंद्रावर नाव नोंदवलं, मेसेज येईल म्हणाले, मग बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, नाही म्हणाले. तोवर दुकानदाराची उधारी दारात उभी. केंद्रानं 15 टक्के ओलाव्याची सवलत दिली तीपण नोव्हेंबरात, निम्म्या लोकांचा माल विकून झाल्यावर.

हिशेबनीस
चिंचवडकर, दारिद्र्य घटलं ते खरंच, त्यावर वाद नको. पण 2018-19 ला देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीवर होते ते 2023-24 ला 46.1 झाले, हे सरकारच्याच सर्व्हेत आहे. देश श्रीमंत होताना माणसं शेतातून बाहेर पडतात, आपल्याकडं परत शिरली. माझा चुलतभाऊ डिप्लोमा करून चाकणला कंत्राटावर होता, आता गावी वडिलांच्या तीन एकरात हात लावतोय. सर्व्हेवाला आला की तोही "रोजगार आहे" मध्ये मोजला जातो.

टोकियोवासी
जपानवरून चाललंय म्हणून लिहिते, अकरा वर्षं इथं आहे. येन 2021 ला डॉलरला 110 च्या आसपास होता, 2024 ला 160 पर्यंत घसरला. डॉलरमध्ये मोजलं की जपान आपोआप लहान दिसतो. इथले लोक सुखात आहेत असंही समजू नका. 2025 च्या मे पर्यंत तांदूळ वर्षभरात दुप्पट झाला, पाच किलोची पिशवी 4000 येनच्या वर गेली. त्याच मे महिन्यात इथले तेव्हाचे शेतीमंत्री म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक भेट देतात. तीन-चार दिवसांत राजीनामा द्यावा लागला. मला तरी त्या चौथ्या नंबरपेक्षा हे जास्त घेण्यासारखं वाटतं.

बागाईतदार_नाशिक
सगळे भावावर बोलतात, मजुरावर कोण बोलणार? 80 कोटींना फुकट धान्य दिल्यावर छाटणीला माणूस येईल कशाला. आधी हे बंद करा मग राहणीमानाचं बोला.

पिंपळनेरची_लेक
माझी आई तुमच्यासारख्यांच्याच बागेत जाते. महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं, त्यात तेल नाही, डाळ नाही, गॅस नाही, डॉक्टर नाही. पाच किलोवर घरी बसून दाखवा तुम्ही. मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्या, बायका पहाटे पाचला टेम्पोत बसलेल्या दिसतील.

आकुर्डीची_ताई
तेलाचं बरं काढलं. 2024 च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं ते शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, असं सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर पिशवीमागं वीस-पंचवीस रुपये वाढले, मी चकल्या निम्म्याच केल्या. आणि उदगीरकर म्हणतात भाव 4100. मग माझे पैसे गेले कुणाच्या घशात? व्यापाऱ्याच्याच ना?

आडतदुकानदार
व्यापारी चोर हे ठरवूनच बसलात तर बोलणंच खुंटलं. ताई, शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं 18 किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. मिलवाल्याचा भाव पेंडीवर ठरतो. मक्याचं आणि तांदळाचं इथेनॉल सुरू झालं, त्याचा चोथा म्हणजे डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यवाल्याला पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेंड पडली, तेल वाढलं तरी सोयाबीन जागेवर. यात आमचा काय दोष?

उदगीरकर
हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं, त्याबद्दल उपकार. पण 14 चा ओलावा इथेनॉलमुळं आला का? आणि 2021 च्या ऑगस्टात भाव दहा हजारांवर गेला तेव्हा 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आमची काढणी होईपर्यंत भाव निम्म्यावर. मग 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलाचं आयातशुल्क 20 टक्क्यांचं 10 केलं, ऐन पेरणीच्या तोंडावर. वाढला की पाडायला सरकार चार दिवसांत धावतं, पडला की बारदाना नसतो.

आकुर्डीची_ताई
म्हणजे शुल्क वाढलं की मी मरायचं आणि कमी झालं की तुम्ही? माझ्या नवऱ्याचा पगार तीन वर्षं तोच आहे, मी काय करू?

चिंचवडकर
विषय होता देश पुढं गेला की नाही, तुम्ही तेलाच्या पिशवीत शिरलात. तरी ओलाव्याच्या मशीनचं पटलं. वजनकाट्यावर सरकारी शिक्का असतो तसा त्या मशीनवरही हवा, यावर मी तुमच्या बाजूनं लिहीन. चौथा नंबर मात्र सोडणार नाही. माझ्या आईनं खडी फोडली आहे, मला तो नंबर लागतो.

उदगीरकर
आईला नमस्कार सांगा. नंबर ठेवा तुम्ही, मी कुठं मागतोय. मशीनचं लिहिणार असाल तर माझी पट्टी आणि गावातल्या मशीनची चिठ्ठी, दोन्हीचे फोटो रात्री टाकतो. आता ढग आलेत, दोन एकर पेरायचं राहिलंय.