नऊ वर्षांचा मुलगा फक्त घरातच उलटतो. याला आजार म्हणायचं?

पूर्वा_नाशिक:
मुलगा चौथीत आहे. मागच्या दिवाळीपासून रोज भांडण. टीव्ही बंद कर म्हटलं की रिमोट भिरकावतो. आजीला मुद्दाम खिजवतो, स्वतः वही फाडून 'तुझ्यामुळे फाटली' म्हणतो. शाळेतून मात्र एकही तक्रार नाही. डॉक्टर ओडीडी म्हणाले, म्हणजे सतत विरोध करण्याचा, उलटण्याचा विकार. सासूबाईंच्या मते नुसता लाडावलाय. कुणाचं खरं मानू?

सातारकर:
दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ येईल.

वृषाली_समुपदेशक:
सातारकरदादा, माराने ही मुलं जास्तच पेटतात. शाळेत मी हे सतत बघते, म्हणून कळकळीने सांगते.
पूर्वाताई, फक्त घरात दिसणारा ओडीडीही असतो, त्याला सौम्य धरतात. चिडचिड, वाद घालणं, सूड उगवणं अशा ३ गटांत ८ लक्षणं आहेत. त्यातली किमान ४, ६ महिने, आणि भावंडं सोडून इतर कुणाशी तरी दिसायला हवीत. चोरी, मारामारी, प्राण्यांना इजा हे प्रकरण वेगळं, जास्त गंभीर. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, आहे का तेही तपासून घ्या, पुष्कळदा दोन्ही सोबत असतात.
आता घरातलं चक्र बघा. तुम्ही सांगता, तो किंचाळतो, तुम्ही थकून 'बरं, दहा मिनिटं' म्हणता. किंचाळलं की काम होतं, हे त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्यावर ओरडता, तो गप्प बसतो. मग ओरडल्याने काम होतं, हे तुम्हाला पटतं. अमेरिकेत ऑरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन हेच टिपलं होतं. म्हणून मुख्य उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. खास ओडीडीची अशी गोळी नाही.
जवळ जाऊन एकदाच, शांतपणे सांगा: 'टीव्ही बंद कर.' 'करशील का रे?' नको. ऐकलं की लगेच शाबासकी द्या, ती फार लोक विसरतात. सुरुवातीला आकांडतांडव वाढेल, तेव्हा माघार घेऊ नका. सासूबाईंनाही यात घ्या, नाहीतर तो आजीकडून रिमोट मिळवेल.

पूर्वा_नाशिक:
आजीच देते! महिनाभर टीव्ही बंद ठेवू का?

वृषाली_समुपदेशक:
महिनाभर नको, त्या संध्याकाळपुरताच. लांबलचक शिक्षेत त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.