क्लायंटचा वर्डप्रेस डॅशबोर्ड: मेनू लपवावेत की रोलच बदलावा?

कर्वेरोडवाला

मंडळी, कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाची साइट त्यांच्या ताब्यात द्यायची आहे. वर्डप्रेस, क्लासिक थीम, आणि डिपॉझिट ऑनलाइन घेण्यापुरतं वूकॉमर्स (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगिन). ऑफिसातल्या दोघांची कामं तीनच: रिकाम्या तारखांचं पान बदलणं, फोटो चढवणं आणि आलेल्या ऑर्डर बघणं. दोघांनाही सध्या ॲडमिनिस्ट्रेटर रोल (सगळे अधिकार असलेला खात्याचा प्रकार) आहे. रिमूव्ह_मेनू_पेज हे फंक्शन वापरून प्लगिन्स, टूल्स, सेटिंग्ज काढलेत, पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की प्लगिन्सचं पान उघडतंच. शिवाय पहिल्याच पानावर वर्डप्रेसच्या बातम्या आणि अपडेटच्या पट्ट्या. डॅशबोर्ड मराठीत हवाय, साइट मात्र इंग्रजीच राहायला हवी. व्हाइट लेबलचं (डॅशबोर्डचं रूप आणि मेनू बदलून देणारं) प्लगिन घ्यावं की हाताने कोड लिहावा?

पेठेतला_पीएचपी

पान उघडतं ते बरोबरच आहे. रिमूव्ह_मेनू_पेज डावीकडची ओळ काढतं, एवढंच. पान उघडू द्यायचं की नाही हे कॅपेबिलिटीवर, म्हणजे रोलला दिलेल्या एकेका परवानगीवर, ठरतं, आणि ॲडमिनिस्ट्रेटरकडे ॲक्टिव्हेट_प्लगिन्स असेपर्यंत ते उघडणारच. म्हणून आधी रोल, लपवालपवी नंतर.

एडिटर रोल दिलात तर पानं आणि फोटो होतील, ऑर्डर दिसणार नाहीत. शॉप मॅनेजर दिलात तर ऑर्डर दिसतील, पण त्याच्याकडे मॅनेज_वूकॉमर्स असते. म्हणजे पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) गुप्त कीजसकट वूकॉमर्सच्या सगळ्या सेटिंग्ज उघड्या. ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला त्या दिसण्याचं काही कारण नाही. तेव्हा 'कार्यालय' असा तिसरा रोल बनवा: एडिटरच्या कॅपेबिलिटीज घ्या आणि त्यात एडिट_शॉप_ऑर्डर्स व एडिट_अदर्स_शॉप_ऑर्डर्स घाला. दुसरी विसरू नका, कारण ऑर्डर ग्राहकाने केलेली असते, कर्मचाऱ्याने नाही.

इथे दोन गोष्टी हमखास अडकवतात. ॲड_रोल या फंक्शनने बनवलेला रोल डेटाबेसमध्ये साठतो आणि तो आधीच असेल तर ते फंक्शन काहीच करत नाही. कोडमधली यादी बदलली तरी साइटवर फरक दिसत नाही, आणि माणूस कॅशला दोष देत बसतो. यादी बदलली की रिमूव्ह_रोल करून पुन्हा बनवा, किंवा ॲड_कॅप एकदाच चालवा. प्रत्येक पेजलोडला चालवू नका.

दुसरी गोष्ट अनफिल्टर्ड_एचटीएमएल, म्हणजे पानात कोणताही एचटीएमएल कोड टाकायची परवानगी. सिंगल साइटवर ती एडिटरकडे असते. नव्या रोलमधून ती काढा असंच मी सांगेन, नाहीतर कुठूनतरी कॉपी केलेली स्क्रिप्ट थेट पानात जाते. पण काढल्यावर त्या कर्मचाऱ्याने संपर्काचं पान एकदा सेव्ह केलं की त्यातला गूगल मॅपचा आयफ्रेम (पानात बसवलेली बाहेरच्या साइटची चौकट) नाहीसा होतो, कारण वर्डप्रेस तो गाळून टाकतो. आयफ्रेम आधीच शॉर्टकोडमध्ये (चौकटी कंसातल्या छोट्या खुणेमागच्या कोडमध्ये) किंवा थीमच्या टेम्प्लेटमध्ये हलवा.

मुळाकाठ

रोलबद्दल सहमत. पहिल्या पानाबद्दल थोडं.

डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप या हुकवर (हुक म्हणजे आपला कोड जोडायची वर्डप्रेसमधली जागा) रिमूव्ह_मेटा_बॉक्स हे फंक्शन लावा. बातम्यांचा आयडी डॅशबोर्ड_प्रायमरी, क्विक ड्राफ्टचा डॅशबोर्ड_क्विक_प्रेस. हे दोन्ही 'साइड' कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे पानाच्या त्या भागात, असतात. तिथे 'नॉर्मल' लिहिलं तर एररही येत नाही आणि बॉक्सही जात नाही. साइट हेल्थचा बॉक्स रोल बदलल्यावर आपोआप जाईल. मोकळ्या जागेत डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेटने एकच बॉक्स ठेवा, त्यात तीन मोठी बटणं: तारखा बदला, फोटो चढवा, ऑर्डर बघा. तारखांचं बटण थेट त्या पानाच्या संपादनाच्या स्क्रीनला जोडा. पानांच्या यादीतून शोधायला लावू नका. हे एवढं केलं तरी फोनवरचे निम्मे प्रश्न थांबतात, म्हणून रंग आणि लोगोच्या आधी हे करा.

अपडेटची पट्टी साध्या युजरलाही दिसते. त्याला ती 'साइटच्या ॲडमिनिस्ट्रेटरला कळवा' असं सांगते. ज्याच्याकडे अपडेट_कोअर (वर्डप्रेस अपडेट करायची परवानगी) नाही त्याच्यापुरतं अपडेट_नॅग (ही पट्टी दाखवणारं फंक्शन) काढा, प्रायॉरिटी ३ देऊन. ॲडमिन_नोटिसेस हा सूचनांचा हुक सरसकट रिकामा करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तो मानू नका. प्लगिन्सच्या खऱ्या एररही त्याच हुकवरून येतात.

मराठीसाठी: सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करून सेव्ह करा, म्हणजे भाषेच्या फाइल्स उतरतात. मग लगेच परत इंग्रजी करा. आता प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये भाषेच्या यादीत मराठी येईल, कारण ती यादी इन्स्टॉल केलेल्याच भाषा दाखवते. प्लगिनचा जो मजकूर अनुवादित नाही तो इंग्रजीतच राहील, हे क्लायंटला आधीच सांगा.

कर्वेरोडवाला

दोघांचेही आभार. हा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टाकला तर चालेल का? आणि मालक म्हणतात, "मला सगळं दिसलं पाहिजे."

पेठेतला_पीएचपी

थीममध्ये नको, थीम बदलली की सगळं जाईल. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एमयू-प्लगिन्स नावाचं फोल्डर बनवा आणि त्यात एकच फाइल ठेवा. ती आपोआप लोड होते आणि डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. आत सबफोल्डर केलंत तर त्यातल्या फाइल्स लोड होत नाहीत. एक धोका आहे: या फाइलमध्ये चूक राहिली तर पूर्ण साइट बंद पडते आणि वर्डप्रेसचा रिकव्हरी मोड (बिघाडानंतर आत शिरू देणारी सोय) ती फाइल बाजूला काढू शकत नाही. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधूनच तिचं नाव बदलावं लागतं. स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) तपासल्याशिवाय चढवू नका.

व्हाइट लेबल प्लगिनची इथे गरज दिसत नाही. पुढे साइट सांभाळणाऱ्याला कोड येत नसेल, तरच त्याचा विचार करा.

मुळाकाठ

मालकांना ॲडमिनिस्ट्रेटर जरूर द्या, साइट त्यांची आहे. पण रोजच्या वापराला त्यांनाही 'कार्यालय' रोलचं वेगळं खातं द्या. ॲडमिनवालं खातं वेगळ्या ईमेलवर असू द्या. सेटिंग्जमधला ॲडमिन ईमेलही त्यांचाच टाका, ऑटो अपडेटची मेल तिथेच जाते.

डब्ल्यूपी-कॉन्फिग या मूळ सेटिंग्जच्या फाइलमध्ये डिसअलाउ_फाइल_एडिट ट्रू करा, म्हणजे डॅशबोर्डमधला कोड एडिटर बंद होतो. डिसअलाउ_फाइल_मॉड्स मात्र लावू नका. त्याने प्लगिन इन्स्टॉल करणं थांबतं ते ठीक, पण सुरक्षेचे ऑटो अपडेटही थांबतात.

फोटोंचं राहिलं. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो वर्डप्रेस स्वतः लहान करून वापरतं, पण मूळ फाइलही सर्व्हरवर राहते. फोनवरून सजावटीचे फोटो रोज चढले तर होस्टिंगची जागा भरते. फोटो चढवण्याआधी लहान करायची सवय लावा, किंवा मूळ फाइल्स मधूनमधून साफ करा.

आणि हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरका. लग्नसराई सुरू झाली की ऑफिसात नवा स्क्रीन शिकायला कुणालाच सवड नसते. देण्याआधी प्रायव्हेट विंडोत 'कार्यालय' रोलने लॉगिन करून तिन्ही कामं स्वतः करून बघा, आणि प्लगिन्सच्या पानाचा पत्ताही टाकून बघा. तिथे नकार आला पाहिजे.