मामा म्हणतात, विमान फिरवून पाऊस पळवतात. काय बोलायचं?

डाळिंबवाल्यांची भाची:
आटपाडी तालुक्यात माझ्या मामांची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. मामा निवृत्त शिक्षक, विषय भूगोल. टेबलावर डस्टर उभा करून 'हा सह्याद्री' म्हणायचे. अलीकडं ओला फडका, पलीकडं कोरडा खडू. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पडतो आणि आपल्याकडं पाचशेच्या आतबाहेर, असं का, हे मला त्यांनीच शिकवलं. आता तेच म्हणतात, तासगावचे द्राक्षवाले वर्गणी काढून विमान फिरवतात आणि ढग पांगवतात. वहीत नोंदी आहेत : 'विमान १०.२०. पांढरी रेघ. चारला आभाळ मोकळं.' अक्षर तेच, फळ्यावरचं. शिकलेल्या माणसाला हे पटतं तरी कसं?

बेदाणा:
तासगावातनं बोलतोय. ताई, ढग पळवता आले असते तर ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आल्यावर रात्री बॅटरी घेऊन डाऊनीचं, म्हणजे त्या बुरशीचं, औषध मारत कशाला फिरलो असतो? घडकुजीनं अर्धी बाग गेली माझी. इथं औषधाच्या दुकानाची उधारी फिटंना, विमानाला वर्गणी कोण देतंय! मामांना पाठवा, चहा पाजतो.

मिरज जंक्शन:
ती रेघ म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ. दहा-बारा किलोमीटर उंचीवर उणे चाळीसच्या थंडीत ती गोठते. वरची हवा दमट असली की रेघ टिकते, कोरडी असली की विरते.

पण विमानाची गोष्ट अगदीच हवेतली नाही हं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ साली सोलापूर भागात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले. विमानं खरंच उडाली, पण पाऊस पाडता येतो का ते बघायला. अफवेला एवढा टेकू पुरतो.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर, २००८ मध्ये व्हिटसन आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी काही लोकांना आपल्या हातात काहीच नाही असं वाटेल अशा स्थितीत आणलं. नुसत्या ठिपक्यांच्या गिचमिडीतही त्यांना इतरांपेक्षा जास्त आकृत्या दिसायला लागल्या. डाळिंबवाला जुलैत वर बघत बसतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं?

एक विचारतो. मामांच्या वहीत विमान न दिसलेल्या दिवसांचा रकाना आहे का?

डाळिंबवाल्यांची भाची:
नाही. मीच काल आखून दिला.

तुमचं वाचून एक आठवलं. मामा १९९३ पासून दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून भरणाऱ्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना जायचे, पदरची भाकरी बांधून. तेव्हा पाणी नाही म्हणजे कुठंतरी योजना अडलीय, पैसा अडलाय, हे खरंच होतं. मोर्चे काढले, वर्षं गेली, पण टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं. ज्या माणसानं हे डोळ्यांनी बघितलं, त्याला 'कुणीतरी अडवलंय' हेच आधी सुचणार. पर्जन्यछायेवर मोर्चा कुठल्या कचेरीत न्यायचा?

असो. रकाना भरायला मामी बसली. गोधड्या धुऊन दोरीवर टाकलेले दिवस तिला पाठ. सकाळी भरून आलेलं, दुपारी लख्ख ऊन, विमानाचा पत्ता नाही, असे सात दिवस तिनं सांगितले. मामांनी चष्मा वर केला. म्हणाले, "मी आत झोपलो असंन. विमान गेलं असंल."

बेदाणा:
चहाचं आवतण तसंच आहे. वहीसकट येऊ द्या. फक्त बूट घालून या म्हणावं, परवापासनं उघडीप नाही, बागेत घोट्याएवढा चिखल झालाय.