मदत हवी आहे: पिनबॉल मशीनवरची लाल निऑन पेटते, निळी मेलीच आहे

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातून लिहितो आहे. विषय जरा वेगळा आहे, हसू नका.

माझ्या मामाचा मंडईत गेमचा स्टॉल असायचा. आमची पूर्व विदर्भातली झाडीपट्टी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं अन् दंडार (आमच्याकडची लोककला), रात्री नाटक. रिंगा फेकणे, बंदुकीने फुगे फोडणे सगळ्यांकडेच असतं, मामाकडे पिनबॉल होतं, म्हणजे उतरत्या पेटीत लोखंडी गोळी उडवून गुण मिळवायचा खेळ. नागपुरात एक व्हिडिओ गेम पार्लर बंद पडला, तेव्हा त्याने भंगाराच्या भावात उचललं. अमेरिकन मशीन, ११० व्होल्टचं, म्हणून सोबत २३० चे ११० करणारा धोंड्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर. मामा गेल्यावर तीन वर्षं ते आमच्या कोठ्यात तणसाखाली होतं. यंदा घरच्या पोट्ट्यांनी हट्ट धरला की मंडईत लावायचंच.

गोळी सुटते, तिला ढकलणारे बंपर मारतात, बटणाने हलणारे फ्लिपरचे दांडे उचलतात. आतले ६.३ व्होल्टचे बारके बल्ब होल्डर पॉलिश पेपरने घासल्यावर पेटले. अडलं ते निऑनवर.

निऑन मशीनचं मूळचं नाही. मामाने नागपूरच्या एका साइनबोर्डवाल्याकडून बसवून घेतलं होतं: डोक्याच्या पेटीभोवती लाल नळी, साधारण आठ फूट, अन् तिच्यावर निळी कमान, सात फूट. दोन्ही पत्र्याच्या चौकटीवर. मागे लोखंडी ट्रान्सफॉर्मर, पाटीवर २३० व्होल्ट, ६००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर असं लिहिलंय. तो घराच्या २३० वर थेट चालतो.

आता लाल पेटते, पण पूर्ण नाही. निळी अजिबात नाही. दोघींच्या जोडापाशी चर्रचर्र आवाज येतो. निऑन चालू केली की गोळी न सोडताच स्कोअर वाढत जातो, कधी मशीन शून्यावर येऊन बसतं. संध्याकाळी सगळं जास्तच बिघडतं. मला हे तीन वेगळे बिघाड वाटतात: नळी, ट्रान्सफॉर्मर अन् मशीनचं कार्ड (स्कोअर मोजणारा सर्किट बोर्ड).

गावातला वायरमन म्हणतो, "काहून डोकं लावता भाऊ, एलईडीची पट्टी मारा." मारता येईल, पण मामाचं मशीन लोक त्या उजेडावरून ओळखायचे. ट्रान्सफॉर्मर घरी मल्टिमीटरने तपासता येईल का? निळी नळी पुन्हा भरून मिळते का?

प्रतिसाद १

मल्टिमीटर ६००० व्होल्टच्या बाजूला लावू नका! साधं मीटर फार तर १००० पर्यंतचं असतं. मीटर फुटेल, अन् ते तुमच्या हातात असेल. आणि दुरुस्तीच्या वेळी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपटा. खेड्यात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी शंभरदा पाहिलेत. बटण बंद, तरी फेज आत.

प्रतिसाद २

लाल पेटते आहे, यातच तुमचं उत्तर आहे.

दोन्ही नळ्या एकामागे एक जोडलेल्या असणार. मग एक मेली की दुसरीही विझायला हवी. तुमची का विझत नाही? या प्रकारच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुतेक वेळा सेकंडरीचा, म्हणजे ६००० व्होल्ट देणाऱ्या गुंडाळीचा, मधला बिंदू लोखंडी गाभ्याला, म्हणजे अर्थला जोडलेला असतो. दोन टोकं अर्थपासून प्रत्येकी ३००० वर. निळीत गॅस उरला नसेल तर करंट तिच्यातून जात नाही. तो लालमधून येतो, जोडावरून ठिणगी मारून पत्र्यात उतरतो अन् पत्र्यातून मधल्या बिंदूकडे परत जातो. लाल अर्ध्या व्होल्टेजवर पेटते, म्हणून मंद. चर्रचर्र ती ठिणगी. ठिणगी म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरच समजा, तिचा कचरा कार्डाच्या स्विचांच्या तारांत शिरतो अन् कार्डाला वाटतं गोळी लागली. म्हणून स्कोअर पळतो. बिघाड तीन नाहीत, एकच असावा.

संध्याकाळचं निराळं आहे. मोटारपंप सुरू झाले की तुमच्या डीपीवर १७०-१८० व्होल्ट राहत असतील. निऑनचा ट्रान्सफॉर्मर आला तेवढ्याच पटीत चढवतो, मग नळीला पेट घ्यायला कमी पडतं. ११० वालाही ८५ च्या आसपास देईल अन् फ्लिपर लुळे पडतील. स्टॅबिलायझर लावा.

सगळ्यात आधी अर्थिंग बघा. तो पत्रा अर्थपासून सुटलेला असेल तर त्याला हात लावणारं पोरगं मरेल. हे बघेपर्यंत निऑन पेटवू नका.

प्रतिसाद ३

वरच्या भाऊंनी छान सांगितलं. भर एवढीच की निळीत निऑन नसतोच. निऑन वायू लाल-नारिंगी पेटतो. निळ्यासाठी आरगॉन अन् पाऱ्याचा थेंब घालतात. जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात नळ्या लावल्या त्या लालच होत्या, अन् नाव सगळ्यांनाच चिकटलं. पारा असल्यामुळे फुटलीच तर खिडक्या उघडा अन् झाडूने झाडू नका. दुसरं म्हणजे पाऱ्याची नळी थंडीत मंद पेटते. मंडईच्या रात्री ती सुरुवातीला फिकी दिसली तर घाबरू नका.

भरून मिळते. काच जोडतात, गरजेप्रमाणे इलेक्ट्रोड बदलतात, आतली हवा पंपाने ओढून नळी तापवतात अन् मग गॅस सोडतात. घरी होण्यासारखं काम नाही. आता बहुतेक साइनबोर्डवाल्यांनी एलईडी धरलंय, त्यामुळे एखादा म्हातारा कारागीर शोधावा लागेल.

मूळ लेखक, नऊ दिवसांनी

राजेहो, एकच बिघाड होता!

प्लग काढून चौकट उतरवली. निळीच्या टोकाला, जिथे ती बाइंडिंग तारेने चिमट्याला आवळली होती, तिथे केसासारखी चीर. बॅटरीच्या उजेडात नखाने चाचपल्यावर दिसली. जोडाची रबरी टोपी उन्हाळ्यांनी बिस्किटासारखी झालेली, अन् टोपीपासून पत्र्यापर्यंत काळी कार्बनची रेघ. अर्थिंगची गोष्ट सांगायला लाज वाटते. हिरवी वायर कोठ्याच्या खांबावर एका खिळ्याला गुंडाळलेली होती. लाकडी खांब! पोट्टे आठवडाभर त्या मशीनभोवती नाचत होते. आता हातपंपाजवळ, जिथे जमीन बारा महिने ओली असते, खड्डा खणून पाइप, कोळसा अन् मीठ टाकून वायर तिथवर नेली.

निऑनची वायर सोडून मशीन दोन तास चालवलं. स्कोअर एकदाही पळाला नाही. कार्ड ठीक आहे.

नळी वाकळीत गुंडाळून नागपूरला नेली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, बासरी हाय का? कारागीर सत्तरीचा असावा. त्याने नळी तपासायची हाय-व्होल्टेज कॉइल लावून बघितली, नळीत जीवच नव्हता. गुरुवारी देतो म्हणाला. पैसे सांगितले ते एलईडी पट्टीच्या दुप्पट आहेत, घरी अजून कळवलेलं नाही.

आता एवढंच सांगा, रबरी टोप्या कोणत्या घेऊ?

प्रतिसाद २

सिलिकॉनच्या. त्याच कारागिराकडे मागा, चार घ्या, दोन जास्तीच्या राहू द्या. अन् ती बाइंडिंग तार फेका, काचेचे उभे टेकू मिळतात त्यांच्याकडे, नळी पत्र्यापासून बोटभर वर राहील असे लावा.