वाडा टिपण्यासाठी लहान, मॅन्युअल फोकसची अल्ट्रा-वाइड लेन्स कोणती घ्यावी? (सोनी अल्फा ६४००, नाशिक)

गोदाकाठचा :

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला आमचे आजोळ आहे. दोन चौकांचा तो वाडा दिवाळीनंतर उतरवायचा, यावर सगळ्या मामांचे एकमत झाले असून, त्याआधी त्याची खोलीन् खोली नीट टिपून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझ्याकडे सोनी अल्फा ६४०० आणि त्यासोबत आलेली १६-५० मिमी (किट) लेन्स आहे. मागच्या चौकात भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तरी समोरच्या ओसरीचे सगळे खांब चौकटीत बसत नाहीत. माडीच्या जिन्यात तर काहीच बसत नाही.

वाडा काही पळून जाणार नाही, त्यामुळे ऑटोफोकस नसला तरी चालेल. मात्र लेन्स लहान हवी, कारण पुढे तीच घेऊन पांडवलेणी आणि हरिहर गड करण्याचा विचार आहे. लाओवा १० मिमी एफ/४ आणि सॅमयांग १२ मिमी एफ/२ या दोन लेन्सवर येऊन अडलो आहे. दोन मिलिमीटरांनी खरोखर एवढा फरक पडतो का, आणि एफ/४ ही वाड्याच्या अंधारात अपुरी पडेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

तुळई :

दोन मिलिमीटरांचा फरक टेलिफोटोत कळणारही नाही, पण या टोकाला तो फार मोठा असतो. हिशेब सोपा आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे. त्याला लेन्सच्या नाभीय अंतराने (नावातल्या मिमीच्या आकड्याने) भागा आणि समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणा, म्हणजे चौकटीत किती रुंदी मावेल ते मिळते. दहा फुटांवरून तुमच्या हल्लीच्या १६ मिमीत जेमतेम १४.७ फूट मावतात, १२ मिमीत १९.६ आणि १० मिमीत २३.५. तेव्हा लेन्स निवडण्याआधी टेप घेऊन वाड्यात जा, पाठीमागे सरकायला कुठे किती जागा आहे ते मोजा, आणि मगच पुढचे ठरवा.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चौकात उभे राहून माडी घ्यायची म्हणून कॅमेरा वर उचलला, की सगळे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. लेन्स जितकी वाइड, तितके हे झुकणे डोळ्यांत भरते. यावर उपाय म्हणजे कॅमेरा उभा धरून पातळीत ठेवायचा (स्क्रीनवर डिजिटल लेव्हल असते, ती लावून घ्या) आणि खाली जी फरसबंदी नको इतकी येते, ती नंतर कापून टाकायची. कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर आणि समोरची ओसरी बारा फुटांवर असेल, तर १० मिमीत सुमारे एकोणीस फुटांपर्यंतचे दिसते आणि १२ मिमीत सतरा फुटांच्याही आतच. पागोळ्यांची कड मिळणार की नाही, ते नेमके या दोन फुटांत ठरते. २४ मेगापिक्सेलमधून तळाचा चौथा भाग गेला तरी हाती पुष्कळ उरते. आपल्या बाजूच्या जोत्यावर चढून फोटो घेता आला, तर आणखी दीड-दोन फूट पदरात पडतात.

अंधाराबद्दल. एफ-आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे; एफ/२ म्हणजे एफ/४ च्या चौपट प्रकाश, हे खरे. पण वाड्याचे चित्रण एफ/२ वर करायचे नसते, एफ/८ वर करायचे असते, आणि तिथे दोन्ही लेन्स सारख्याच. तिवई लावा आणि शटर दोन सेकंद उघडे राहिले तरी राहू द्या. १० मिमीचा खरा दोष वेगळा आहे : तिचे कोपरे बरेच काळवंडतात, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये उजळले की तिथे दाणे उठतात. म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वरच ठेवा.

फिशआय स्वस्त आणि चिमुकली मिळते म्हणून कोणी सुचवील, तर ऐकू नका. तिच्यात कडेच्या तुळया धनुष्यासारख्या वाकतात, आणि सुताराने रंध्याने सरळ केलेले लाकूड आपण वाकवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्र्यंबकवारा :

वरील हिशेब बिनतोड आहे, पण वाडा एकदाच टिपायचा आहे आणि लेन्स पुढे कित्येक वर्षे वापरायची आहे, हेही पाहावे. मी सॅमयांग १२ मिमी वापरतो. अंजनेरीच्या बाजूला अमावस्येच्या आसपास आकाशगंगा टिपताना एफ/२ चे मोल कळते : वीस सेकंद आणि आयएसओ ३२०० मध्ये जे मिळते, त्यासाठी एफ/४ वर आयएसओ १२८०० लागेल. वेळ वाढवून भागत नाही, कारण तारे बिंदू न राहता रेघा होतात. लेन्स पुढून रुंद आहे, ६७ मिमीचा फिल्टर लागतो, खिशात मावत नाही. वजन मात्र पाव किलोच्या आसपासच आहे.

तुळई :

ताऱ्यांसाठी १२ मिमी एफ/२ सरस आहे, यात वादच नाही. पण धागाकर्त्याने ताऱ्यांचे नावही काढलेले नाही. १० मिमीचे वजन साधारण १३० ग्रॅम आणि लांबी अडीच सेंटीमीटर आहे. हरिहरच्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत घालावे लागतात. तिथे गळ्यात काय लोंबते आहे, याला महत्त्व येते.

जुनाफिल्मवाला :

व्हॉइग्टलँडरची १५ मिमी एफ/४.५ पाहावी असे मी सुचवणार होतो. घडण देखणी, फोकस रिंगची चाल लोण्यासारखी. परंतु ती फुल-फ्रेमची (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरसाठीची) लेन्स असून तुमच्या बॉडीवर तिचा पट्टा फुल-फ्रेमच्या मापात २२.५ मिमीइतकाच उरेल; त्याच मापात तुमची १६ मिमी म्हणजे २४, तेव्हा किट लेन्सपेक्षा नावापुरताच अधिक. या नावाच्या मोहात पडू नका, एवढेच सांगायचे होते.

गोदाकाठचा :

सर्वांचे आभार. काल टेप घेऊन वाड्यात गेलो; मामेबहिणीने दुसरे टोक धरले. मागच्या चौकात पाठ टेकल्यावर समोरच्या खांबांपर्यंत साडेअकरा फूट भरतात आणि खांबांची रांग पंचवीस फुटांची आहे. तुळई यांच्या हिशेबाने १० मिमीत सत्तावीस फूट मावतात आणि १२ मिमीत साडेबावीस, म्हणजे एक खांब बाहेर राहतो. त्या कोपऱ्यातल्या खांबावर आजीने नातवंडांच्या उंचीच्या खुणा कोरून ठेवल्या आहेत. १० मिमी घेतो आहे.

दोन शंका उरल्या. फोकस नेमका कुठे लावायचा, आणि लेन्स हातात आल्यावर काय तपासायचे?

तुळई :

या लेन्सला बॉडीशी बोलणारे संपर्कबिंदू नसल्यामुळे कॅमेऱ्याला लेन्स लावलेलीच नाही असे वाटते. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर बटण दाबूनही शटर उघडणार नाही. एफ-आकडा फोटोसोबत नोंदला जात नाही, तेव्हा वही ठेवा. ॲपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र आपण ठरवायचे, शटरची वेळ कॅमेरा ठरवतो) प्रकाशमापन मात्र व्यवस्थित होते.

एफ/८ वर फोकस सुमारे एक मीटरवर लावून ठेवा. साधारण ४० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्वच्छ येते आणि दिवसभर रिंगला हात लावावा लागत नाही. पुस्तकी हायपरफोकल अंतर (अनंतापर्यंत सगळे स्वच्छ येण्यासाठी फोकस लावायचे सर्वांत जवळचे अंतर) ६३ सेंटीमीटरच निघते, पण फोटो मोठा करून पाहिल्यावर दूरचे कोरीवकाम त्यात मऊ वाटते. रिंगवरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नका; स्क्रीनवर दृश्य मोठे करून एकदा स्वतः खात्री करा आणि त्या जागी रिंगवर बारीक खूण करून ठेवा.

तपासणी पहिल्या दिवशीच करा, म्हणजे परत करण्याची मुदत हातची जाणार नाही. उघड्या विटांच्या भिंतीसमोर तिवईवर कॅमेरा अगदी काटकोनात लावून एफ/४ आणि एफ/८ वर फोटो काढा आणि चारही कोपरे ताडून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव; तीन स्वच्छ आणि एकच पुसट असेल तर भिंग तिरके बसले आहे, बदलून घ्या. माझी पहिली अशीच निघाली होती, आणि ते ध्यानात येईपर्यंत परतीची मुदत उलटून गेली होती.

पांडवलेणीत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय तिवई लावता येत नाही. क्रमांक तीनच्या लेण्यात दालन ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल आहे, म्हणून तिथे जागेची अडचण नाही, उजेडाची आहे. भिंतीला कोपर टेकवून एफ/४ वर घ्या.

गोदाकाठचा :

वही घेतली आहे. जोत्यावरून आणि खालून, दोन्हीकडून घेईन. त्या खांबाचा फोटो मात्र किट लेन्सनेच, जवळून.