10 बाय 12 ची खोली आणि रांगतं मूल: आयांना नेमकं काय सांगायचं?

सेविका_मानखुर्द
आमच्या वस्तीत एकेका खोलीत पाच-सहा माणसं. गॅसची शेगडी जमिनीवर, शेजारी पाण्याचा ड्रम, दारालगत पोटमाळ्याची शिडी. 8 ते 18 महिन्यांची मुलं दिवसभर झोळीत नाहीतर कडेवर. बाप रात्रपाळी करून दुपारी झोपलेला असतो, मग मूल गप्प राहावं म्हणून त्याच्या हातात मोबाइल. "मुलाला मोकळं खेळू द्या" म्हटलं की आई विचारते, "ताई, कुठे?" काय सांगू?

वस्तीसुधार
ताई, त्या आईचं बरोबर आहे. सारखं "नको, हात लावू नको" म्हणावं लागतं ते खोलीमुळे. आधी धोके वर उचला, मग जमीन मुलाची.

शेगडीपासून सुरुवात करा. रांगतं मूल ज्योतीपेक्षा खाली उतरवलेल्या डाळीने, चहाने जास्त भाजतं. शिवाय शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, आणि सिलिंडर उभाच. अडीच फुटांचा ओटा करा. शेगडी काठापासून वीतभर आत, कढईचे दांडे भिंतीकडे. कडप्पा विटांवर नुसता टेकवू नका, मूल धरून उभं राहिलं की सरकतो. भाड्याच्या खोलीत मालक ओटा बांधू देत नाहीत, तिथे लोखंडी अँगलचा स्टँड भिंतीला दोन ठिकाणी आवळून घ्या. नळी पुढे लोंबकळू देऊ नका.

शिडीच्या खालच्या तीन फुटांना प्लायवूडचा तुकडा बांधा. एवढ्याने चढणं थांबतं.

ड्रमला घट्ट झाकण. बादलीत चार बोटं पाणी उरलं तरी मूल डोक्यावर पडून बुडू शकतं, म्हणून वापर झाला की पालथी. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायचा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

बालआरोग्य
भाजलंच तर 20 मिनिटं साधं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ नको.

झोळी झोपेपुरती ठीक. जागं असताना त्यात राहिलं तर पालथं होणं, रांगणं यांचा सराव बुडतो. मोबाइल 2 वर्षांखाली नकोच, भारतीय बालरोग अकादमीही हेच सांगते. बाप झोपलेला असताना आवाज न होणाऱ्या वस्तू द्या: कापडाचा चेंडू, चिंध्यांनी भरलेली पिशवी, प्लास्टिकचे डबे. चिंचोके, बटणं अजिबात नको, घशात अडकतात. शक्य तिथे दोन-तीन आयांनी पाळी लावून सावलीतल्या ओट्यावर मुलं सांभाळावीत. झोपलेल्या माणसालाही ते बरं.

पुनर्वसन_इमारत
इमारतीत गेल्यावर हे सुटतं असं नाही. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत घर 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 झालं, पण मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडसारख्या ठिकाणी इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांना ऊन मिळत नाही, हवा कोंडते. तिथे क्षयरोगाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. घरात कुणाला 2 आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. निदान झालं तर घरातल्या 5 वर्षांखालच्या मुलाची तपासणी करून, त्याला आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. आणि खिडकीखाली खाट ठेवू नका, मूल चढून खाली पडेल.

सेविका_मानखुर्द
प्लायवूड आणि बादली याच आठवड्यात सांगते. स्टँडसाठी तीन-चार घरांचं माप एकदम घेतलं तर वेल्डर वस्तीत येईल का?

वस्तीसुधार
येतो. प्रत्येक सिलिंडरची उंची मात्र रेग्युलेटरसकट मोजून द्या.