गायरानावर सोलर आणि अहवालातली ती एक ओळ

खरुची:
शेतीला दिवसा वीज द्यायच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 या योजनेसाठी सबस्टेशनजवळची सरकारी जमीन जाऊ लागली, त्यात आमच्या सोलापूरकडची गायरानंही आली. सोलरला माझा विरोध नाही. पाहणी अहवालातल्या 'सदर जागेवर संरक्षित शिकारी पक्षी आढळले नाहीत' या ओळीला आहे. आमच्याकडे पाहणी झाली जूनमध्ये, भर दुपारी. भोवत्ये (हॅरियर, गवताळ माळावरचे शिकारी पक्षी) येतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, पार कझाकस्तानकडून, आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दिवसा माळावर विखरून टोळ-नाकतोडे टिपतात, रात्री गवताच्या एखाद्याच पट्ट्यात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. झाड नाही, घरटं नाही. जूनमध्ये दिसणार काय, डोंबल?

जागा त्यांच्या कामाची आहे का, हे पक्षी नसतानाही कळतं. गुडघाभर गवत आहे का, बाभळीच्या शेंड्यावर काटक्यांचा जुना ढीग आहे का (गरुड बऱ्याचदा त्याचीच डागडुजी करून पुन्हा बसतात), दगडांवर शिटेचे पांढरे ओघळ, केस-हाडांच्या उलटीच्या गोळ्या. अहवालात यातलं अक्षरही नाही.

रात्रीची_मोटर:
दादा, रात्री दोनला लाईट येते म्हणून ऊसात पाणी धरायला कधी गेलाय का? पायाखाली साप का पाईप, कळत नाही. आता तर बिबट्याचीही धास्ती. दिवसा लाईट मिळायची वेळ आली तर तुमचा पक्षी आडवा. बरं, हिवाळ्यात त्याच माळावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लेन्स घेऊन गवत तुडवत फिरतात, तेव्हा भोवत्या उठत नाही का?

खरुची:
गाड्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्यावर बंदीच हवी. पण मी प्रकल्प थांबवा म्हटलेलं नाही. पाहणी हिवाळ्यात करा, आणि संध्याकाळी उंचवट्यावर बसून करा, एवढंच म्हणतोय.

सडा_वाघापूर:
साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, आणि त्यांचा धाक गेल्यामुळे तिथले सरडे वाढले होते. म्हणजे पक्षी मरायलाच हवा असं नाही. तो जागा सोडून गेला तरी खालची सगळी घडी बदलते.

तारवाला:
ती फिरती पाती हो! पॅनल जागेवर उभं असतं. चाळकेवाडीचा आकडा सोलरला लावू नका. आणि कुठल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते हे ठरवणाऱ्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत सोलर प्रकल्प येतच नाहीत, मग पाहणीची सक्ती कुठून काढणार? ठेकेदारानं स्वखुशीनं हिवाळ्यापर्यंत थांबावं, ही अपेक्षा भाबडी आहे.

माझ्या मते खरी भीती पॅनलची नाही, लाईनची. 11 किंवा 33 केव्हीच्या खांबाच्या आडव्या लोखंडावर गरुड बसला आणि पंख तारेला लागला की संपलं. खांबाजवळच्या तारांना इन्सुलेशनचं आवरण घाला. तुमच्या संध्याकाळच्या बैठकीपेक्षा त्यानं जास्त पक्षी वाचतील.

सडा_वाघापूर:
पाती नाहीत हे खरं, पण सलग पॅनल बसवायचे तर आधी गवत जातं. भोवत्याला मुक्कामाला जागा उरली नाही तर तुमची आवरणं घातलेली तार त्याच्या काय कामाची? तो खांबावर झोपत नाही. आवरण घालाच, गरुडाला उपयोग आहे. भोवत्याचा प्रश्न वेगळा. आणि सक्ती नाही हीच तर गोम आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्षी मारणं, अंडी-घरटी फोडणं गुन्हा आहे. गवतावर नांगर फिरवणं नाही.

मेंढका:
आमचा कळप पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर बसतो. कागदावर 'पडीक'. पक्ष्याची पाहणी झाली म्हणता, आम्हाला तर कुणी विचारलंही नाही. भोवत्या कुठल्या वगळीच्या कडेला उतरतो हे आमच्या पोरांना विचारा, फुकट सांगतील.

तारवाला:
मेंढकेबुवांचा मुद्दा पटला. हिवाळा थांबायची गरज नाही, गुराख्या-मेंढक्यांना घेऊन एक फेरी मारली तरी मुक्कामाचा पट्टा कळेल. तो सोडून आराखडा करता येतो, खांबांची जागा बदलणं मात्र महाग पडतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच करा.

खरुची:
फेरी पहिली पायरी म्हणून ठीक. तिनं जागा शंकास्पद ठरवली तर हिवाळ्यातल्या संध्याकाळी मोजणी व्हायलाच हवी. नुसत्या सांगण्यावर पट्टा सोडला तर उद्या ठेकेदार म्हणेल, कुठाय पुरावा?

रात्रीची_मोटर:
आणि तोवर पाणी रात्रीच धरायचं ना आम्ही? सबस्टेशनला लागून क्षारपड जमीन पडून आहे, गवताची काडी उगवत नाही तिथं. ती घ्या की आधी! ग्रामसभेत हे मी मांडतो. पण तुम्ही पक्षीवाले त्या दिवशी हजर राहा, नुसतं इथं टाईप करू नका.

खरुची:
तारीख कळवा. क्षारपडीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं आधी बघून ठेवा.